नाशकाचा हिरा: देवाचा डोळा की पेशव्यांचं जवाहीर?

पेशवाईच्या अखेरीचा विषय निघाला की पुण्यात कोणीतरी नाशकाच्या हिऱ्याची गोष्ट काढतंच. शनिवारवाड्यावरच्या फेरीत, व्याख्यानानंतरच्या चहाला, आणि आता घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरही. गोष्टीचा गाभा ठरलेला आहे. त्र्यंबकेश्वरच्या महादेवाच्या मूर्तीला डोळ्याच्या जागी मोठा हिरा बसवलेला होता. तो गोवळकोंड्याच्या मुलखातल्या कोल्लूरच्या खाणीतून आलेला, आणि सन १५०० पासून देवापाशीच होता. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो काढून नेला. शेवटी मागणी असते: आमच्या देवाचा डोळा परत आणा.

या मागणीमागच्या भावनेशी मी पूर्ण सहमत आहे. १८१८ नंतर मराठी मुलखातून जे बाहेर गेलं त्याचा हिशेब कोणीतरी मागितलाच पाहिजे. पण हिशेब मागायला गेलं की समोरून पहिला प्रश्न येतो तो मालकीचा. वस्तू कोणाची होती आणि कोणाच्या ताब्यातून घेतली? या हिऱ्याबाबत त्याची दोन उत्तरं प्रचारात आहेत. एक म्हणतं, देवळातून लुटला. दुसरं म्हणतं, दुसऱ्या बाजीरावाच्या जवाहिरातून हाती लागला. आपण ही दोन्ही एका दमात सांगतो, आणि तिथेच आपली बाजू लंगडी पडते. म्हणून हे प्रकरण मुळापासून तपासून मांडतो आहे.

आजच्या टोकाकडून मागे

जुन्या वस्तूचा मालकीहक्क तपासताना आजपासून मागे जाणं सोयीचं पडतं, कारण अलीकडचे कागद पक्के असतात.

हिऱ्याचं आजचं वजन ४३.३८ कॅरेट, म्हणजे ८.६७६ ग्रॅम. जुन्या तोळ्याच्या हिशेबाने पाऊण तोळा. आकार लांबट चौकोनी, कडेने पायऱ्या उतरत गेल्यासारखे पैलू, ज्याला एमराल्ड कट म्हणतात. लेबनॉनचे हिरे-व्यापारी रॉबर्ट मुवाद यांच्या संग्रहाशी त्याचं नाव जोडलं जातं. त्याआधी १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तो पाच लाख डॉलरला गेला होता. त्याच्याही आधी, १९४० मध्ये, हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याने तो पॅरिसमध्ये विकत घेतला आणि त्याचे पैलू नव्याने पाडून घेतले. आजचा आकार तेव्हाचा आहे.

१९२७ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या ड्यूक घराण्याकडून तो पॅरिसच्या मोबुसाँ या जवाहिऱ्याकडे आला आणि अमेरिकेत नेला गेला. तिथे एक फार बोलका खटला झाला. शंभर वर्षांहून जुन्या कलात्मक वस्तूंवर तेव्हा अमेरिकेत जकात नव्हती. पैलू पाडलेल्या, न मढवलेल्या हिऱ्यावर मात्र २० टक्के होती. हिरा पुरातन कलावस्तू म्हणून बिनजकातीचा आत आला, आणि न्यूयॉर्कच्याच एका प्रतिस्पर्धी जवाहिऱ्याने हरकत घेतली. वयाच्या दृष्टीने आणणाऱ्याची बाजू बळकट होती, कारण लंडनमध्ये १८१८ ला पाडलेले पैलू धरले तरी शंभरी उलटलेली होती. तरीही वरच्या न्यायालयाने ही कलात्मक पुरातन वस्तू नाही, दागिन्यात वापरता येईल असा पैलूदार हिरा आहे, असा निकाल दिला आणि जकात लागू झाली. देवळाची गोष्ट, पेशव्यांचं नाव, युद्ध, हे सगळं भोवती असताना न्यायालयाने समोर पाहिला तो दगडच. आपल्या मागणीच्या दृष्टीने ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९२७ च्या मागे नव्वद वर्षं हिरा वेस्टमिन्स्टर घराण्यातच होता. रंडेल अँड ब्रिज ही लंडनची, राजघराण्याला दागिने पुरवणारी पेढी. तिचा कारभार आवरता घेताना १८३७ मध्ये लिलाव झाला. अर्काटच्या नवाबाने राणी शार्लटला दिलेले हिरेही त्याच लिलावात होते. वेस्टमिन्स्टरच्या पहिल्या मार्क्विसने दोन्ही घेतले. नाशकाचा हिरा ७,२०० पौंडांना गेल्याची नोंद सांगितली जाते. मार्क्विसने तो आपल्या समारंभी तलवारीच्या मुठीत बसवून घेतला. या पेढीकडे हिरा आला तो १८१८ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने विकला तेव्हा.

१९७० पासून १८१८ पर्यंत साखळीची कडी न् कडी जुळते. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी पैसे मोजलेत, म्हणून नोंद राहिली.

वजन, पैलू आणि ओळख

इथे हिऱ्याच्या अंगाकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्यावर येऊन ठेपतो.

लंडनला पोचला तेव्हा हिरा सुमारे ९० कॅरेटचा होता. रंडेल अँड ब्रिजने पुन्हा पैलू पाडल्यावर तो साधारण ८०.५९ कॅरेटवर आला. सुमारे दहावा हिस्सा गेला, पण मूळचा त्रिकोणी घाट त्यांनी बराचसा राखला. १९४० च्या कामात ८०.५९ वरून ४३.३८ झाला, म्हणजे शेकडा ४६ भाग उडाला. नाशकातून निघालेल्या दगडाचा अर्ध्याहून अधिक भाग आज जगात कुठेच नाही.

लक्ष्मी रस्त्यावर पेढी असलेल्या एका वयस्क सराफांनी मला जुन्या नथी-तन्मण्यांतून निघालेले हिरे भिंगाखाली दाखवले होते. परब म्हणतात तसे चपटे, वरून जेमतेम घासलेले, कडा वेड्यावाकड्या, मागे कोंदणात बेगड लावून उजळवलेले. आपल्या कारागिराला वजन प्यारं होतं. निसर्गाने दिलेला घाट मोडायचा नाही, डाग असेल तेवढ्यापुरता एखादा पैलू जास्त पाडून तो झाकायचा. युरोपातल्या कारागिराला आतून परतणारा उजेड हवा होता, आणि त्यासाठी वजन सोडायची त्याची तयारी होती. सराफकाका म्हणाले, “दगड पुन्हा घासला की त्याची ओळख गेली. मग राहते ती पावती.”

नाशकाच्या हिऱ्याला हे तंतोतंत लागू पडतं. आज तो कोणी हातात ठेवला तरी अंगावरच्या खुणांवरून तो देवाचा की पेशव्यांचा हे सांगता येणार नाही. ओळख उरली आहे ती कागदात.

मंदिराची बाजू

आता १८१८ च्या पलीकडे जाऊ. इथे पावत्या संपतात आणि आख्यायिका सुरू होते.

पहिली अडचण कोल्लूरची. फ्रेंच जवाहिरा ताव्हेर्निए सतराव्या शतकाच्या मध्याला कृष्णेकाठच्या त्या खाणीवर स्वतः गेला होता. त्याने लिहून ठेवलंय की ही खाण साधारण शंभर वर्षांपूर्वी सापडली. पेरणीसाठी जमीन नीट करताना एका शेतकऱ्याला टोकदार दगड मिळाला, तो सुमारे २५ कॅरेटचा हिरा निघाला, आणि मग लोकांची रीघ लागली. हे धरलं तर खाण सोळाव्या शतकाच्या मध्याची. तिथला हिरा सन १५०० ला त्र्यंबकेश्वरी असणं शक्य नाही. ‘१५०० पासून’ आणि ‘कोल्लूरचा’ यांतलं एक तरी सोडावंच लागेल, आणि प्रचलित मजकूर दोन्ही एकाच वाक्यात सांगतो.

दुसरी अडचण देऊळ. आज आपण पाहतो ते काळ्या पाषाणाचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं. काम १७५५ ला सुरू झालं आणि १७८६ ला पुरं झालं. तेव्हा नानासाहेबांना जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. त्याआधीचं देऊळ मोगली अमलात पाडलं गेल्याची परंपरा आहे. देऊळ पडतं, मधली कित्येक वर्षं तशीच जातात, आणि नव्वद कॅरेटचा हिरा जागचा हलत नाही, हे पटायला कठीण आहे.

तिसरी अडचण सगळ्यात साधी, आणि त्र्यंबकेश्वरला गेलेल्या कोणालाही कळणारी. गाभाऱ्यात डोळे असलेली मूर्तीच नाही. जमिनीलगत शाळुंकेत खळगा आहे आणि त्या खळग्यात अंगठ्याएवढे तीन उंचवटे: ब्रह्मा, विष्णू, महेश. आत पाणी झिरपत असतं. गर्दीत लांबून ते दिसत नाहीत म्हणून वर आरसा लावलेला आहे, बहुतेक भाविक त्यातच पाहून हात जोडतात. डोळा बसवायचा तरी कुठे?

याला उत्तर आहे, आणि ते मी हलक्याने घेत नाही. देवाला मुखवटा आहे, आणि रत्नजडित मुकुट आहे. मुकुट पांडवांच्या काळचा असल्याचं सांगतात आणि तो सोमवारी संध्याकाळी दर्शनाला ठेवतात. सोमवारीच मुखवट्याची पालखी कुशावर्तावर जाते. तेव्हा मोठा हिरा देवाच्या मुखवट्यावर किंवा मुकुटात असणं अशक्य नाही. पेशव्यांनी देऊळ बांधलं तसा त्यांनीच तो अर्पण केला असंही असू शकतं. पण मग ती कथा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली होते. ‘मूर्तीचा डोळा’ ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या बाजाराची वाटते. पूर्वेकडच्या देवाच्या डोळ्यातून काढलेलं रत्न म्हटलं की तिकडच्या गिऱ्हाइकाच्या अंगावर काटा यायचा, आणि भावही चढायचा.

त्यात आणखी एक गुंता. ‘आयडॉल्स आय’ या नावाचा एक वेगळाच हिरा आहे, ७०.२१ कॅरेटचा, फिकट निळसर. त्याचा पहिला पक्का माग १८६५ च्या लंडनमधल्या लिलावात लागतो. तोही पुढे विन्स्टनच्या हातून गेला. नावं सारखी, जवाहिरा एक, त्यामुळे दोन दगडांच्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या. मराठीत फिरणाऱ्या मजकुरात नाशकाच्या हिऱ्याला निळा म्हटलेलं मी पुष्कळदा वाचलं आहे, ते बहुधा या घोटाळ्यातून आलं असावं.

१८१८: ताबा नेमका कोणाचा?

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. १६ तारखेला येरवड्याला मराठी फौज हटली, बाजीरावाने पुणं सोडलं, आणि १७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. मग पळापळ. १ जानेवारीला कोरेगाव, २० फेब्रुवारीला अष्टीला बापू गोखले पडले, आणि ३ जून १८१८ ला बाजीराव इंग्रज सेनाधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. सालिना आठ लाखांची नेमणूक घेऊन तो बिठूरला गेला. या सात महिन्यांत पेशव्यांचं जवाहीर, रोकड, कागद सगळं विखुरलं. काही गडांवर, काही विश्वासू माणसांकडे, काही बरोबर. रायगड पडला तेव्हा बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई तिथे होत्या, आणि गडावर रोकडही सापडली.

नाशकात पेशव्यांचं काही असणं यात नवल नाही. शहरात त्यांचा सरकारवाडा होता. जवळच आनंदवल्लीला बाजीरावाचे वडील राघोबादादा राहिलेले. गंगापूरला गोपिकाबाईंनी अखेरची वर्षं काढली. घराण्याचा इतका वावर असलेल्या गावी संकटकाळात जवाहीर हलवणं स्वाभाविक होतं. इंग्रजी परंपरा सांगते की हिरा कर्नल ब्रिग्ज यांच्याकडून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे पोचला. हे तेच जॉन ब्रिग्ज, ज्यांनी फिरिश्ता या फारसी इतिहासकाराच्या ग्रंथाचं इंग्रजी केलं. आणि हिऱ्याला इंग्रजांनी नाव दिलं ते नाशकाचं, त्र्यंबकचं दिलं नाही. हा पुरावा म्हणण्याइतका भक्कम नाही, पण हाती कुठे लागला याकडे बोट दाखवतो.

याहून वजनदार कागद दुसरा आहे. ११ फेब्रुवारी १८१८ ला साताऱ्याहून कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने जाहीरनामा काढला. त्यात वतनं, इनामं, वर्षासनं, आणि देवस्थानं-धर्मादाय चालू ठेवण्याचं वचन होतं. त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांनी घेतला तो त्यानंतर, एप्रिलमध्ये. म्हणजे हिरा देवळातून काढला असेल तर कंपनीने दोन महिन्यांपूर्वी दिलेला आपलाच शब्द मोडला. आणि पेशव्यांच्या जवाहिरातून घेतला असेल तर तो त्यांच्या दृष्टीने रीतसर युद्धलूट ठरला.

या दुसऱ्या शक्यतेत इंग्रजांचा स्वार्थ होता. दख्खनच्या लुटीच्या वाटपावरून पुढे किती वर्षं भांडण चाललं पाहा. लूट कायद्याने राजाची, राजा ती फौजेला बक्षीस देणार. पण कोणत्या फौजेला? सर थॉमस हिस्लॉपच्या दख्खनच्या फौजेला, की हेस्टिंग्जच्या बंगालच्या फौजेलाही? वाटपासाठी विश्वस्त नेमले त्यांत ड्यूक ऑफ वेलिंग्टन होता. त्याच्यावर दावा लागला आणि १८३१ मध्ये लंडनच्या कोर्टात निकाल झाला. जे या लुटीत धरायचं ते ‘पेशव्यांचं’ असणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. देवाचं म्हटलं की वाटपात अडचण.

थोडक्यात, लष्करी कागदांत ‘पेशव्यांचा’ म्हणणं फायद्याचं होतं आणि बाजारात ‘देवाचा’ म्हणणं फायद्याचं होतं. दोन्ही शिक्के मारणारे हात इंग्रजांचेच. म्हणून इंग्रजी कथन जसंच्या तसं उचलून आपल्या मागणीला जोडणं मला धोक्याचं वाटतं. प्रचलित लेखांत या हिऱ्यासाठी एखाद्या मराठी कागदाचा हवाला दिलेला माझ्या पाहण्यात नाही.

दावा कोण करणार?

मालकी कोणाची, याने प्रत्यक्षात फार फरक पडतो.

हिरा देवस्थानचा ठरला तर मार्ग आहे. आपल्याकडे देवता कायद्याने व्यक्ती आहे, ती दावा लावू शकते. तमिळनाडूतल्या पत्तूरच्या देवळाचा नटराज लंडनमध्ये पोचला होता. १९९१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने देवळाचा हक्क मान्य केला आणि मूर्ती परत आली. अर्थात ती चोरी अलीकडची होती, जिथून निघाली ती जागा ठाऊक होती. दोनशे वर्षांपूर्वीच्या, मधे पाच-सात वेळा रीतसर विकल्या गेलेल्या हिऱ्याला तोच न्याय लागेल असं नाही. तरी निदान वादी कोण हे स्पष्ट राहतं.

हिरा पेशव्यांचा ठरला तर प्रकरण कोहिनूरच्या वाटेने जातं. १८१८ च्या तेव्हाच्या कायद्याने युद्धलूट वैध होती. सांस्कृतिक वस्तूंबद्दलचा युनेस्कोचा १९७० चा करार मागच्या काळाला लागू होत नाही. आपला १९७२ चा पुरावस्तू कायदाही त्याआधी देशाबाहेर गेलेल्या वस्तूला हात घालू शकत नाही. मग उरते ती राजकीय आणि नैतिक मागणी. त्यातही २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरकारी वकिलांनी आधी कोहिनूर चोरलेला नाही असं सांगितलं आणि नंतर सरकारला खुलासा करावा लागला, हे आपण पाहिलं आहे. आपलीच बाजू आपल्याला ठाऊक नसली की असं होतं.

माझा कल स्पष्ट आहे. हाती असलेल्या गोष्टी तोलल्या तर १८१८ मध्ये हिरा पेशव्यांच्या जवाहिरातून इंग्रजांकडे गेला, हे जास्त संभवनीय वाटतं. तो त्याआधी देवाच्या अंगावर कधी चढला असेल तर तेही पेशव्यांच्याच काळात, नव्या देवळाच्या उभारणीनंतर. सन १५०० हा आकडा मी यापुढे कुठेही सांगणार नाही.

याचा निकाल लावणारा कागद असलाच तर तो पुण्यात असण्याची शक्यता सर्वांत जास्त. पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळातही १९१० पासून जमवलेली कागदपत्रं आहेत. शोधायचं काय तेही ठरवता येतं. त्रिकोणी घाटाचा एकच मोठा हिरा, वजन रतीत लिहिलेलं. रतीचं माप ठिकाणागणिक बदलायचं, तरी सुमारे १२१ मिलिग्रॅमची सोनारी रती धरली तर ९० कॅरेट म्हणजे दीडशे रतींच्या आसपास. इतका मोठा नग यादीत आला तर तो नजरेतून सुटणार नाही. त्र्यंबकेश्वरच्या बांधकामाचे १७५५ ते १७८६ चे हिशेब, देवाला वाहिलेल्या अलंकारांच्या यादी, आणि जामदारखान्यातून, म्हणजे पेशव्यांच्या खजिन्यातून, बाहेर दिलेल्या जवाहिराच्या दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या नोंदी, या तीन ठिकाणी आधी पाहावं. नोंद देवाच्या यादीत निघाली तर दावा देवस्थानने करावा. जामदारखान्यात निघाली तर मागणीचा मजकूर महाराष्ट्राच्या नावाने नव्याने लिहावा लागेल.